यंत्राला कपाळ नाही

दुपारचं जेवण अंगावर आलंय. संध्याकाळपर्यंत माझं सदर गेलं नाही, तर संपादक ती जागा लिहिणाऱ्या यंत्राला देणार आहेत. विषय आयताच मिळालाय. आमच्या राममंदिरातल्या कीर्तनाला अनुदान हवं, तर श्रोत्यांनी यापुढे यंत्रावर अंगठा टेकवून हजेरी लावायची. पण कागदावर नुसता संताप उतरलाय. तो उशाशी ठेवून डोळे मिटते, आणि कुठूनशा झांजा किणकिणू लागतात.

कचेरीचा जिना चढते, तर वर सभामंडप. बुवांचं कीर्तन रंगात आलंय, हवेला छापखान्याच्या शाईचा वास आहे. पुढे नाना खांबेटे मांडी घालून बसलेत. माझ्याआधी हे सदर नाना लिहायचे. गेल्या चैत्रात गेले.

"कुंदे, उभी का? हजेरी लाव."

"तुम्ही लावलीत?"

"लावली की. यंत्र म्हणालं, व्यक्ती हयात नाही. सरकारी यंत्र खरं बोललं गं, मी हातच जोडले."

मी कागद पुढे करते. नाना वाचेपर्यंत मंडपाच्या भिंती गेलेल्या असतात. आम्ही नदीच्या घाटावर, पायऱ्यांशी पाणी.

"छान चिडलीयस," नाना म्हणतात. "पण बुवा चिडले की लोक चपला शोधतात. आधी हसव, मग काय ते सुनाव."

"मलाच हसू येत नाहीये, नाना."

"मग ते बघ."

घाटावर मंत्रिमहोदय यंत्राचं उद्घाटन करतायत. उजवा अंगठा टेकवतात. यंत्र विचारतं, "हा कुठल्या पक्षातला?" डावा टेकवतात. "आणि हा?" मंत्रिमहोदय जरा विचार करतात, खाली बसतात आणि पायातला बूट काढू लागतात.

मी हसत सुटते. पोट दुखेपर्यंत. बुवाही चिपळ्या थांबवून हसतात, मध्यंतर होतं, बुक्क्याची वाटी फिरत आमच्यापर्यंत येते.

"नाना, संपादकांचं ते यंत्र माझ्यापेक्षा भराभर लिहितं."

"लिहू दे की. पण त्याला बुक्का कुठे लावशील? कपाळ नको?" नाना डोकं पुढे करतात. "मला लाव."

मी वाटीत अंगठा बुडवून त्यांच्या कपाळाला लावते. कपाळ चांगलं ऊबदार आहे.

जाग येते तेव्हा चहाची वेळ झालीय. 'सदर पाठवते' असं संपादकांना कळवावं म्हणून फोनवर अंगठा ठेवते. ओळख पटली नाही, फोन म्हणतो. पुन्हा ठेवते. पुन्हा तेच.

अंगठा उजेडात धरते. काळाभोर, आणि घमघमतोय.

पुसत नाही. कागद उलटा करून मंत्रिमहोदयांच्या बुटापासून सुरुवात करते. कोपऱ्यावर ठसा उमटतो. लागली माझी हजेरी.