खाचेवरची चिकटपट्टी

रद्दीवाल्याच्या हातगाडीवर काल एक कॅसेट दिसली. तिच्या वरच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवलेली होती. मी पटकन नजर वळवली.

ती खाच म्हणजे कॅसेटचं कुलूप. तिथला प्लास्टिकचा तुकडा मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे; खाच बुजवली की परत होई. लहानपणी आमच्या एका कॅसेटचा तो तुकडा दादाने मुद्दाम मोडला होता. एका गाजलेल्या इंग्रजी बँडची शेवटची मैफल रेडिओवर लागली, तेव्हा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्याने ती भरून घेतली होती. आणि मी, आपला आवाज कसा येतो ते ऐकायला, खाचेवर चिकटपट्टी लावून तिच्यावर शाळेतलं भाषण म्हटलं. ऐकून लाज वाटली, म्हणून सगळी बाजू कोरी करून टाकली. मग पट्टी काढून कॅसेट जागेवर ठेवली. दादाने टेपरेकॉर्डरला शिव्या घातल्या. त्याच्यासोबत मीही घातल्या.

काल घरी आल्यावर त्याला फोन केला. एकदाचं सांगून टाकायचं होतं. "दादा, ती मैफल..." एवढंच म्हटलं, तर तो हसला.

"अगं, ती आता मोबाइलवर अख्खी मिळते. आवाज किती स्वच्छ! फक्त आपल्या कॅसेटमध्ये मध्येच बाबा ओरडले होते ना, 'अरे, बारीक कर तो रेडिओ,' तेवढं त्यात नाही."

बाबांचा आवाज आता कशातच नाही.

"हो ना," मी म्हणाले. "तो टेपरेकॉर्डरच मेला तसला होता."