भुरीची खिचडी

गेल्या आठवड्यात भुरी सलग दोन दिवस ओकली. भुरी म्हणजे आमच्या सिडकोतल्या घरातली कुत्री... जिच्या जेवणाच्या फोटोंवर तुम्ही सगळे भरभरून लाइक देता, तीच.

डॉक्टरांनी तिच्या हिरड्या बघितल्या, रक्त तपासलं आणि मला विचारलं, हिला कांदा-लसूण घालता का? मला रागच आला. कुत्र्याला कांदा म्हणजे विष, हे मीच गल्लीभर सांगत फिरते. तांदूळ, मूगडाळ, लाल भोपळा, गाजर... सगळं गरगट शिजवायचं, वर उकडलेलं अंडं. मीठ नाही, फोडणी नाही. संध्याकाळी नाचणी-रताळ्याची बिस्किटं, तीही घरी भाजलेली.

मी व्याख्यानांसाठी सतत बाहेर असते. त्यामुळे दुपारचा स्वयंपाक सीताबाईंकडे होता. दौलताबादकडच्या मेंढपाळ घरातल्या त्या. भुरीच्या जेवणाचे नियम मी पहिल्यांदा सांगितले तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. म्हणाल्या, "आमची मेंढरामागची कुत्री शिळ्या भाकरीवर वाघावानी राहत्यात, ताई."

ते हसणं माझ्या डोक्यात होतंच. गुन्हेगार सापडायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. दवाखान्यातून आले ती थेट स्वयंपाकघरात गेले आणि बोलत सुटले. निष्काळजीपणा, मुक्या जिवाशी बेइमानी, सांगूनही न ऐकणं... ज्यांनी माझी भाषणं ऐकलीत त्यांना कल्पना येईल. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

सीताबाईंनी एकदाच माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या खोलीकडे बघितलं. "कांदा म्या नाय घातला. ह्याच्याफुडं मला काय इचारू नका." मला त्यात चोरी दिसली. अण्णा काठी टेकत दारापर्यंत आले, मला "बाई, जरा..." एवढंच म्हणाले. तुम्ही मध्ये पडू नका, असं म्हणून मी त्यांना परत पाठवलं. सीताबाईंनी हात पुसले, चप्पल घातली आणि गेल्या.

अण्णा मूळचे शेतकरी. लासूरजवळच्या शेतात आयुष्य गेलं, आई गेल्यावर माझ्याकडे आले. आमच्या घरात एक नियम होता... पानात पडेल ते मुकाट खायचं. लहानपणी मी दोडक्याची भाजी टाकली, तर रात्री तेच ताट पुन्हा माझ्यासमोर आलं होतं. नियम त्यांनी घातला आणि सगळ्यांत कडक त्यांनीच पाळला.

चार दिवस कार्यक्रम रद्द करून मी घरी बसले. भुरीला स्वतः शिजवून घातलं, गॅलरीचं दार लावून, कुणी दुसरं काही देऊ नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ वजन केलं. ती बरी झाली, मी फोटो टाकला, तुम्ही अभिनंदन केलंत.

त्याच चार दिवसांत अण्णा जवळजवळ चहावर होते. "भूक नाय," म्हणायचे. त्यांच्या पायजम्याची नाडी चार बोटं जास्त लोंबत होती, हे आता आठवतं. तेव्हा माझं लक्ष वजनकाट्यावर होतं... आणि त्यावर भुरी उभी होती.

पाचव्या दिवशी दुपारी ज्वारीची भाकरी आणि आमटी वाढली. अण्णांनी एक तुकडा गालाशी ठेवला, थोडा वेळ घोळवला आणि हळूच बाहेर काढला. मग ताटाकडेच बघत म्हणाले, "बाई... भुरीचं काही उरलं असंल, तर देतीस का जरासं?"

माझ्या वडिलांनी जन्मात पहिल्यांदा खायला मागितलं, आणि मागितलं ते कुत्रीच्या भांड्यातलं.

मग एकेक करून निघालं. चार महिन्यांपासून कवळी टोचत होती, हिरड्या सोलून निघाल्या होत्या. घरात मऊ असं एकच शिजायचं, ते भुरीसाठी. मी घराबाहेर पडले की ते तिची खिचडी चिमूटभर मीठ घालून खायचे आणि आपलं ताट तिच्यापुढं ठेवायचे. कांदा-लसणाच्या आमटीसकट. "तिचं खायचं आन् तिला उपाशी ठिवायचं? आपलं नको द्याया?"

मी उठून पातेल्यातली उरलेली खिचडी मीठ घालून त्यांच्या ताटात वाढली.

त्याच दिवशी सीताबाईंच्या घरी गेले. त्या उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. अण्णा खिचडी खातात हे त्यांना ठाऊक होतं, पण कुणाला सांगायचं नाही अशी अण्णांनी शपथ घातली होती. खिचडीत चार महिने मूठभर तांदूळ जास्त टाकत होत्या. अण्णांचं ताट भुरीकडे जातं, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. मला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुमी अण्णांना बी समोर उभं करून भाषण दिलं असतं, ताई."

मी माफी मागितली, परत या म्हणाले. नाही म्हणाल्या, दुसरं घर धरलं होतं. मेथीवरून नजर न उचलता एवढंच म्हणाल्या, "त्यांना मऊ करून घाला. आन् जिरं टाका, त्यांना आवडतं." माझ्या बापाला जिरं आवडतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

अण्णांना आता दातांच्या डॉक्टरांना दाखवलंय. कवळी नवी होईपर्यंत दोन पातेल्यांत दोन खिचड्या शिजतात.

सीताबाईंना बोल लावले ते चार घरांना ऐकू जातील असे, आणि माफी मागितली ती त्यांच्या उंबऱ्यात, हळू आवाजात. हा हिशोब मला झोपू देत नाही, म्हणून इथे लिहितेय. भुरीच्या पोटात कांदा गेला तो माझ्या आंधळेपणामुळे. सीताबाईंनी फक्त माझ्या वडिलांना चार महिने जेवू घातलं... मला न विचारता, माझ्याच घरात.