मोलगीच्या आमचुरात माझी योगाची चटई

"आमच्या गावी, मोलगीला चलतो का?" असं दिलीपने विचारलं तेव्हा मी उलट त्यालाच विचारलं, "तुमच्या घरी दार लावता येईल अशी खोली आहे का?"

तो हसत सुटला. प्रकाशा गावात आम्ही दोघं एकाच दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. रोज पहाटे मी दार लावून योगा करतो, हे त्याला माहीत आहे. याआधी कितीदा तरी सुरू केला, आणि एक दिवस बुडाला की सगळाच सोडून दिला. या वेळी पहिल्यांदाच उन्हाळ्यापर्यंत टिकला होता. प्रवासात खंड पडला तर पुन्हा संपेल, ही धास्ती होती. पण कैरीच्या दिवसांतलं मोलगीही बघायचं होतं. शेवटी निळी चटई चादरीत गुंडाळली आणि निघालो.

तळोद्यावरून अक्कलकुव्यापर्यंत एसटी मिळते, पुढे जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून सकाळीच निघा, भाडं आधी विचारा आणि घाटात मळमळत असेल तर पुढची सीट धरा. ड्रायव्हरने माझ्या गुंडाळीकडे बघून विचारलं, "बजारमा इकाले लई चालना का, भाऊ?" विकायची नाही म्हणत मी घाईने ती मांडीवर घेतली.

मोलगीत जिकडे बघावं तिकडे कैरीच्या फोडी वाळत होत्या. अंगणात, छपरावर, खाटांवरही. याचंच आमचूर होतं. रात्री भगरीचा भात आणि उडदाची दाळ, वर कैरीची चटणी. इतका जेवलो की पहाटेची काळजीसुद्धा विसरलो.

पहाटे अंगणाच्या कोपऱ्यात चटई अंथरली आणि हातपंपावर तोंड धुवायला गेलो. परत येतो तर चटईवर फोडी! दिलीपची आई शेवटची ओंजळ पसरत होती. माझ्याकडे बघून ती भिलीत काहीतरी बोलली आणि शेजारणी हसल्या.

"काय म्हणाली मावशी?"

"आई म्हणते, पाहुणा असावा तर असा. वाळवणाला स्वतःची चटई घेऊन आला." मग दिलीपने डोळा मिचकावला, "तुन्ही चटई कामले लागनी, भाऊ!"

आता फोडी उचला असं कोणत्या तोंडाने सांगू? मावशींनी सुरी दिली, मी कैऱ्या सोलायला बसलो. दुपारी अर्ध्या जेवणावरूनच उठलो. दिलीपने खोदून विचारलं तेव्हा सांगून टाकलं, "आज योगा बुडाला. म्हणजे संपलं."

"मंग आते कर ना! जमीन काय पयी गई का? जागेवरच शे ना!"

"सगळे बघतील."

"बघू दे. आम्हालाबी करमणूक पाहिजे."

उन्हं उतरल्यावर शेणाने सारवलेल्या अंगणात उभा राहिलो. सुऱ्या थांबल्या. कान तापले होते, तरी सूर्यनमस्कार घातले. वृक्षासनात एका पायावर उभं राहून नजर एका जागी टिकवायची असते. माझी गेली शेजारणींकडे! तोल गेला आणि मी उड्या मारत सुटलो, थेट वाळवणाच्या दिशेने.

"आंबे! आंबे!" सगळ्या एकदम ओरडल्या.

फोडींच्या अलीकडेच थांबलो. मावशी पदर तोंडावर धरून हसत होत्या. मग सुरी खाली ठेवून त्याही एका पायावर उभ्या राहिल्या, डुलल्या आणि दिलीपच्या अंगावर पडल्या. इतकं हसू मला योगा करताना कधीच आलं नव्हतं.

परतीच्या दिवशी पहाटेच सामान बांधून तयार बसलो, तर जीप भरायलाच दुपार झाली. पुढची एसटी चुकली. घरी पोचलो तो जेवून आडवा झालो. त्या दिवशी योगा झालाच नाही, पहाटे नाही की संध्याकाळी नाही.

दुसऱ्या पहाटे जाग आली आणि तोच जुना विचार आला, तुटलं. तरी चटई उलगडली. कडेला एक फोड चिकटून वाळली होती. ती तोंडात टाकली. डोळे मिटले, दात आंबले, झोप पार उडाली. मग कालचं काही न आठवता उभा राहिलो.

आईने डोकावून विचारलं, "आज दार उघडं शे?"

"राहू दे, आई. हवा येते."

चटईवर फोडीचा पिवळा डाग राहिला आहे. मी प्रत्येक वस्तू पुसून ठेवणारा माणूस, पण तो पुसला नाही. वृक्षासनात आता नजर तिथेच टिकवतो.