मध्ये कसं घुसायचं

आडून बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. "तुमचा चहा झाला का?" असं विचारून स्वतःला चहा हवाय हे सुचवणारी माणसं. "पंखा जरा हळू फिरतोय का गं?" म्हणणारी माणसं. अरे, वाढवायचाय ना? मग सांग की वाढव म्हणून! पण नाही. जीव गेला तरी सरळ मागायचं नाही, हा म्हणे आमच्या लोकांचा संस्कार. डोंबलाचा संस्कार.

माझी आई या जमातीची महाराणी. गेल्या उन्हाळ्यात ती दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला माझ्याकडे राहायला आली आणि काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं, की भाजी घेऊन येताना ती जिन्यात थांबते, छातीवर हात दाबून धरते, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पदर सारखा केल्याचं सोंग करते. डॉक्टरकडे चल म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीये? उकाड्याने होतं. उगाच तुझी ड्युटी कशाला बुडवतेस?" छातीत दुखतं का, तर "नाही गं, तसं काही नाही." तसं म्हणजे कसं? मी ओरडायचे आणि ती खाली मान घालून गवार मोडत बसायची. उचलून नेणार होते की काय मी तिला? रोज सकाळी घाबरत घराबाहेर पडायचे.

माझी ड्युटी म्हणजे दिल्ली विमानतळावरची अ‍ॅप्रोच कंट्रोलची नोकरी. नातेवाइकांना वाटतं मी उंच मनोऱ्यात उभी राहून झेंडे दाखवते. कर्म माझं! मनोऱ्यातली माणसं वेगळी, ती धावपट्टी सांभाळतात. मी एका अंधाऱ्या खोलीत रडारसमोर हेडफोन घालून बसते. दिल्लीकडे येणारी विमानं माझ्या ताब्यात येतात. कुणाला डावीकडे वळव, कुणाचा वेग कमी कर, कुणाला खाली आण, असं करत सगळ्यांना अंतर राखून एका रांगेत आणायचं आणि धावपट्टी समोर आली की टॉवरच्या हवाली करायचं. मी सांगते, पायलट तेच मला परत म्हणून दाखवतो आणि मगच तसं करतो. सुचवासुचवीला तिथे जागाच नाही.

पण दिल्ली ती दिल्ली. इथे विमान उतरवायलाही सोर्स लावतात. शेजारीण मला गंभीरपणे सांगून गेलीये, "मेरे भाई की फ्लाइट है, ज़रा पहले उतरवा देना, आप तो वहीं बैठती हो." आणि पायलट काही वेगळे नसतात. एक आवाज रोजचा आहे, खास दिल्लीवाला. आला की शॉर्टकट मागतो, आणि नाही म्हटलं की असा सुस्कारा सोडतो की जणू मी त्याच्या बापाचा प्लॉट बळकावलाय. तो माणूस माझ्या डोक्यात जातो.

त्या दिवशी दुपारी आंधी आली. आकाश धुळीने पिवळं झालं, वारा फिरला, धावपट्टीची दिशा बदलावी लागली, आणि येणाऱ्या सगळ्या विमानांना मी जागोजागी घिरट्या घालत थांबवलं. वादळ ओसरल्यावर एकेकाला खाली आणायला लागले, तेवढ्यात एका कॅप्टनने विचारलं, अंदाजे किती वेळ लागेल? बोलणं इंग्रजीत, पण आपल्या माणसाचं इंग्रजी मला अर्ध्या वाक्यात कळतं. मी वेळ सांगितली. जरा वेळाने पुन्हा तोच. जयपूरही बंद झालंय असं ऐकतोय, म्हणाला. दिल्लीत उतरता आलं नाही तर विमानं तिकडेच वळतात. हो, बंद आहे, मी म्हटलं. मग तिसऱ्यांदा, "शक्य झाल्यास थोडं लवकर मिळालं, तर आभारी राहू."

आभारी राहू! माझं डोकंच सणकलं. इंधन संपत आलंय हे मला कळून चुकलं होतं. माझ्या पडद्यावर विमानाची उंची दिसते, वेग दिसतो, टाकीत किती उरलंय ते दिसत नाही. ते त्यानेच सांगायचं असतं, आणि त्यासाठी ठरलेले शब्द आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता याहून उशीर चालणार नाही. 'मेडे' म्हणजे सगळं सोडा, आधी मला उतरवा. 'आभारी राहू' कुठल्याच नियमात नाही. तेवढ्यावर मी रांगेतल्या कुणाला बाजूला कशी करणार? आभारी तर सगळेच राहिले असते.

मी सरळ विचारलं, "मिनिमम फ्युएल जाहीर करताय का?"

तर म्हणाला, "थांबा, सांगतो." मागे सगळं विमान भरून माणसं बसलीयेत आणि हा मला थांबा म्हणतोय! शेवटी बोलला एकदाचा मिनिमम फ्युएल, तेही उधार मागतोय अशा आवाजात. मी त्याला रांगेतली जागा आणि लागणारा वेळ सांगितला. तेवढं जमेल का, हेही विचारलं. बोल ना रे बाबा, बोल!

"मेडे, मेडे, मेडे," तो म्हणाला.

पुढचं मग पटापट झालं. त्याच्या पुढच्या सगळ्यांना मी रांगेतून काढून बाजूला वळवलं. सगळ्यात पुढे कोण होता? तोच सुस्कारेवाला. धावपट्टी अगदी तोंडाशी आली होती त्याच्या. मी त्याला उजवीकडे वळायला सांगितलं. त्याने माझे शब्द परत म्हटले आणि वळला. हूं नाही की चूं नाही. बाकीचेही एकेक करून सरकले. तो कॅप्टन सरळ आला आणि उतरला.

संध्याकाळी त्याने ऑफिसात फोन करून मला मागून घेतलं. माझं आडनाव ऐकून मराठीतच सुरू झाला. "मॅडम, तुम्हाला उगाच त्रास झाला."

"त्रास? अहो, आधीच का नाही बोललात?"

"पुढे एवढे जण थांबले होते हो. मध्ये कसं घुसायचं? बरं नाही वाटलं."

"बरं नाही वाटलं? विमान होतं ते, लग्नाची पंगत नव्हे!" मी असं काही झाडलं त्याला, की शेजारचा बंगाली सहकारी भाषा न कळताही हसायला लागला.

जेवताना आईला सगळं सांगितलं, कॅप्टनच्या नकलेसकट. मला वाटलं होतं हसेल. ती वरणभात कालवत राहिली. "चांगल्या घरचा दिसतो," म्हणाली. घ्या! मग जरा वेळाने तिने विचारलं, "ज्यांना तू बाजूला केलंस, ते चिडले असतील ना?"

"एकानेही तोंड उघडलं नाही."

"तो सुस्कारेवालासुद्धा?"

"तोसुद्धा."

आईने ताक मागितलं नाही, मीच वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात सँडल चढवत होते. आई मागे येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"मेडे," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. तीनदा म्हणायचं असतं हे विसरली असावी. मी तिथल्या तिथे टॅक्सी बोलावली.

सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ही गर्दी! व्हीलचेअरमध्ये बसलेल्या आईने माझा हात धरला. "अगं, ही माणसं आपल्या आधीची आहेत. मध्ये कसं घुसायचं?"

"एकदा मेडे म्हटलंस ना? आता गप्प बस," मी म्हटलं, आणि भर गर्दीत ओरडले, "सीने में दर्द है, रास्ता दीजिए!"

तिच्या हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दिवशी स्टेंट घातला. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत तिनेच आणलं होतं, पण ते त्यांना कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. दुखतंय का, काही हवंय का, मी विचारत होते, पण तिचं लक्ष नव्हतं.

"सगळे सरकले गं," ती म्हणाली. "कुणीच काही बोललं नाही."

आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.