कौमुदीताईंची सातवी ओळ

कौमुदी वैरागडे अभनपूरच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं गणित शिकवत आहेत. राहतात जवळच्या रायपूर शहरात, तेलीबांध्याला, एकट्याच. यजमान दिवाकरराव रेल्वेत होते. नऊ वर्षांपूर्वी गेले. मुलगी राधा हैदराबादला असते आणि आईच्या मराठीला हिंदीत उत्तर देते. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नवा रायपूरच्या एका संस्थेत कार्यालय अधीक्षक. निवृत्तीला अकरा महिने उरले आहेत.

दिवाकरराव गेले त्या हिवाळ्यात ताईंची बस रोज धानाच्या ट्रकांमागे अडकायची. खिडकीतून त्यांच्या लक्षात आलं की अभनपूरचं धान रायपूरकडच्या तांदळाच्या मिलला चाललंय आणि रायपूरकडचं अभनपूरच्या मिलला. दोन भरलेले ट्रक एकमेकांना घासून जात होते. घरी येऊन सांगणार कोणाला? त्यांनी कागदावर तक्ता आखला. ओळींमध्ये धानाची सरकारी खरेदी केंद्रं, रकान्यांमध्ये मिल. कुठलं धान कुठे पाठवलं तर फेरे कमी होतील, हे समीकरणं मांडून शोधायचं. या कामात आठ हिवाळे गेले. फोनवर सांगायला लागल्या की राधा म्हणायची, "मम्मी, खाना खाया?"

गेल्या वर्षी आमच्या संस्थेत उपयोजित रेषीय बीजगणितावर तीन दिवसांची परिषद ठरली. ताईंचा निबंध स्वीकारला गेला. त्याआधी त्यांनी तो चार प्राध्यापकांना पाठवला होता. चौघांनीही 'उत्तम कार्य' एवढंच कळवलं होतं.

"मले शाबासकी नको, शेखरभाऊ," त्या मला म्हणाल्या. "जाणकार माणसानं समोर बसून सांगावं, बाई, हे बरोबर हाय का चूक. रिटायर व्हायच्या आधी एकदा."

त्यांची वेळ तिसऱ्या दिवशी सकाळी अकराची होती.

परिषदांचा मला जुना अनुभव आहे. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रासाठी टेबलावर झुंबड उडते, नावं चुकतात, भांडणं होतात. म्हणून या वेळी मी सगळी प्रमाणपत्रं पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या पिशवीत घालून दिली. एकाही नावात चूक नव्हती. संचालकांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे सिरपूरची देवळं पाहायला निघाले. काही जण गोल बाजारात साड्या घ्यायला गेले, काहींनी विमान गाठलं. प्रमाणपत्र हातात असल्यावर थांबणार कोण? ताईंच्या सत्राचे अध्यक्ष आले, हजेरीपत्रकावर सही केली आणि "मॅडम, आप शुरू कीजिए, मैं अभी आया" म्हणून गेले ते गेलेच. त्याच सत्रातले बाकीचे दोघे आलेच नव्हते.

चाळीस खुर्च्या होत्या. मी दाराजवळ उभा होतो.

"या नं, बसा," ताई म्हणाल्या. "उभे काहून?"

"ताई, हे माझ्यामुळे झालं." मी प्रमाणपत्रांचं सांगितलं.

"तुम्ही लय व्यवस्थित माणूस, शेखरभाऊ," त्या एवढंच म्हणाल्या आणि पडद्यावर पहिलं पान लावलं.

वीस मिनिटांचं भाषण त्यांनी पूर्ण केलं. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत, इंग्रजीत, एकही वाक्य न गाळता. मला समीकरणं कळली नाहीत. पण मधे तक्ता आला तेव्हा हाताला जुनी सवय आठवली. मी वहीवर उभी-आडवी बेरीज करत बसलो.

"एनी क्वेश्चन्स?" त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"सातवी ओळ," मी म्हणालो. "शेवटी तीनशे बाहत्तर ट्रक लिहिलेत. आकड्यांची बेरीज तीनशे बावन्न येते."

त्या पडद्याजवळ गेल्या. बोटानं एकेक आकडा मोजला. मग पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

"टायपिंगची चूक असेल," मी म्हणालो.

"नाही. हाच आकडा समीकरणात गेला हाय. पुढचं सगळं उत्तर बदलन." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "म्हणजे त्या चौघांपैकी कोणीच वाचलं नव्हतं."

बाहेर जेवणाची भांडी मांडल्याचा आवाज येत होता.

"परिषदेच्या पुस्तकातून माझा निबंध काढून टाका," त्या म्हणाल्या. "मी अर्ज लिहून देतो."

"राहू द्या ना, ताई. आठ वर्षांचं काम. आणि छापून आलं तरी वाचतंय कोण?"

"तुम्ही वाचलं नं."

त्यांनी अर्ज तिथेच लिहिला. मी त्यावर आवक क्रमांक टाकला. पुस्तक छापून आलं तेव्हा अनुक्रमणिकेत त्यांचं नाव नव्हतं, आणि ते का नाही असं मला कोणीही विचारलं नाही. ताई येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील. या हिवाळ्यात त्या पुन्हा बसच्या खिडकीशी बसून ट्रक मोजत आहेत. मधूनमधून रविवारी फोन येतो. त्या ओळ वाचतात, मी बेरीज सांगतो, आणि त्या फोन ठेवून देतात.