शनिवारचं तेल आणि डॉक्टरीणबाईंची बाटली

माझी नात कॉलेजात जायला लागली आणि तिचं तोंड पुटकुळ्यांनी भरलं. कपाळ, गाल, हनुवटी, काही सुटलं नाही. तिच्या वयात माझंही असंच होतं. त्याचे खड्डे अजून माझ्या गालांवर आहेत, त्यामुळे हे कुणाकडून आलं ते घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

आमची वसईत वाडी आहे. नारळ घरचे. खोबरं वाळवून घाण्यावरून तेल काढून आणतो. दर शनिवारी संध्याकाळी नात ओट्यावर माझ्या पायांशी बसायची आणि मी तिच्या डोक्यात तेल जिरवायचे. आमच्या घरात हाताला उरलेलं तेल फडक्याला पुसत नाहीत, पोरीच्या तोंडावरून फिरवतात. आईने माझ्या तोंडावरून फिरवलं, मी नातीच्या. तेवढ्या वेळात ती मला सगळं सांगायची. कोण कुणाशी बोलत नाही, कोणती बाई वर्गात उगाच चिडते. सुनेला त्यातलं निम्मंही माहीत नसायचं, आणि ते मला आवडायचं.

मग सुनेने तिला एव्हरशाईन सिटीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरवलं. मीही रिक्षात बसले.

"केसांना तेल लावतेस?" बाईंनी विचारलं.

"आजी लावते, दर शनिवारी," नात म्हणाली. "उरलेलं तोंडाला पण."

बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. नातीकडे नाही, माझ्याकडे. "आजी, तेल बंद करायचं. डोक्याचं कपाळावर उतरतं. आणि तोंडाला तर अजिबात नको."

"माझी आई मला लावायची," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गालांकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून लिहायला लागल्या. त्या बोलल्या असत्या तर मला इतका राग आला नसता.

चिठ्ठीवर तोंड धुवायचं औषध लिहून दिलं. लहानशी बाटली. ओल्या तोंडाला हलक्या हाताने लावायचं, मिनिटभर ठेवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. पुसायला पांढराच टॉवेल घ्यायचा, कारण ते औषध कापडाचा रंग खातं. सुनेने लगेच पांढरा टॉवेल आणला आणि मोरीच्या खिळ्याला अडकवला. माझ्या तेलाच्या बाटलीला कधी कुणी खिळा ठोकला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी तेल कोमट करून ओट्यावर बसले. नात आत मोबाइल बघत होती.

"ये गं."

"आजी, नको ना. डॉक्टर ओरडतील."

"तुझी डॉक्टर काय माडावर चढून बघतेय?"

"मग काय, तुझ्यासारखे खड्डे पाडून घेऊ?" ती हसत म्हणाली. मी तेल परत बाटलीत ओतलं.

थोड्या दिवसांनी तिचं तोंड कोरडं पडलं, नाकाजवळ सालं निघायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, आता फेकेल बाटली. पण सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी औषध एक दिवसाआड करायला सांगितलं आणि वर लावायला एका क्रीमचं नाव दिलं. तेलाचं विचारलं तर म्हणाल्या, आंघोळीआधी केसांच्या टोकांना थोडं चालेल. टोकांना तेल लावायला आजी लागत नाही.

हळूहळू तिचं तोंड स्वच्छ झालं. सगळे म्हणाले, आजीला किती आनंद झाला असेल. मी जळत होते. मला बघायला माणसं यायची तेव्हा आई मला दिव्याकडे पाठ करून बसवायची. ही पोर खिडकीच्या उजेडात तोंड धरून स्वतःचे फोटो काढते. मला कुणी बाटली दिली नाही. आणि हिला दिली, तर त्या बाटलीने माझा शनिवार नेला.

एका संध्याकाळी मी मोरीजवळ माठ धूत होते. नात तोंडाला औषध लावून, डोळे मिटून उभी होती. घाईघाईने पाणी मारलं आणि टॉवेलसाठी हात फिरवला. टॉवेल मागच्या दोरीवर वाळत होता. हाताला माझा पदर लागला. लहानपणी पुसायची तसं तिने त्यातच तोंड खुपसलं आणि आतूनच म्हणाली, "आजी, ती माझी मैत्रीण आहे ना, ती आता माझ्याशी बोलत नाही."

"का गं?"

तिने का ते सांगितलं. पदर हातातच होता.

माझ्या मोरपंखी साडीच्या पदरावर फिकट पिवळट डाग पडले. सून म्हणाली, "आई, ही साडी आता बोहारणीला द्या. आणि तू गं, टॉवेल कशाला आणलाय?"

"डोळे मिटलेले होते, मम्मी."

साडी मी दिली नाही. दुसरी नेसले तर तीही खराब होईल, म्हणून संध्याकाळी हीच नेसते. नातीची तोंड धुवायची वेळ झाली की मोरीजवळ काहीतरी काम काढते. पांढरा टॉवेल त्याआधीच मागच्या दोरीवर नेऊन टाकते. सून म्हणते, आई, टॉवेल नेहमी दोरीवरच कसा. मी म्हणते, वाळत नाही, वसईची हवा दमट आहे.