चार पेट्या आणि दोन पलंग

आमच्या वन्सं कुठल्याही रिकाम्या खोलीत शिरल्या की आधी टाळी वाजवतात. एक मधोमध, मग प्रत्येक कोपऱ्यात एकेक. घर दाखवायला आलेला दलाल बिचारा छताकडेच बघायला लागला. त्याला वाटलं, म्हातारी बांधकामाची मजबुती तपासतेय.

"पडत नाही हो मावशी, नवं बांधकाम आहे."

"पडू दे नाहीतर राहू दे," वन्सं म्हणाल्या. "याचा चौथा कोपरा कुठाय ते सांगा."

चौथा कोपरा नव्हताच. हॉलची मागची एक बाजू सरळ स्वयंपाकघरात उघडत होती. भिंतच नाही तर कोपरा कुठून आणायचा? माझ्या मुलाला आणि सुनेला घर पसंत होतं. दोघांचं ऑफिस जवळ, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास. जुनं घर पाडायला काढलेलं, हातात एकवीस दिवस, आणि घोडं अडलं कशापाशी, तर कोपऱ्यापाशी.

"आत्या, तीन कोपऱ्यांत तीन पेट्या लाव ना," मुलगा म्हणाला.

"तुझ्या खुर्चीचा एक पाय कापते. मग बस आणि सांग मला."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायच्या. कुणाकडे जन्मलं, कुणाकडे गेलं, कुणाचं फाटलं, सगळं आधी त्यांच्या कानावरून जायचं. संध्याकाळी घरी आल्या की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मी नवी नवरी, मला वाटायचं ही बया माझ्यावर डूख धरून आहे. आठ वर्षं आम्ही घुम्यासारख्या राहिलो. मग एकदा त्याच म्हणाल्या, "वहिनी, दिवसभर लोक माझ्या कानात शिरतात हो. घरी आल्यावर कान झाडून ठेवायला जागा लागते."

ती जागा त्यांना चार पेट्यांत सापडली. पेट्या म्हणजे स्पीकर. पन्नास वर्षांपूर्वी म्हणे काही रेकॉर्डी चारी बाजूंनी ऐकायच्या म्हणून काढल्या होत्या. दोन पेट्या पुढे, दोन मागे, आपण मधे. त्या काही फार खपल्या नाहीत. ज्याच्या घरात दोन पेट्यांना जागा नाही तो चार कुठे मांडणार? आता कंपन्या त्या जुन्या टेपा धुंडाळून, धूळ झटकून, तीच गाणी नव्या तबकड्यांवर काढतात, आणि पेन्शन आली की आमच्या वन्सं मागवतात. एकशे बारा झाल्यात. त्या 'क्वाड' म्हणतात. मी आपलं 'चौबाजूचं' म्हणते.

ऐकायला तरी स्वस्थ बसत असतील असं वाटेल. छे! पायाला भिंगरी. गाणं सुरू झालं, दोन ओळी झाल्या की उठल्या, मागची डावी पेटी दोन बोटं सरकवली, बसल्या. पुन्हा उठल्या. फरशीवर निळ्या चिकटपट्टीच्या खुणा, पेट्यांच्या वेगळ्या, खुर्चीच्या पायांच्या वेगळ्या. सकाळी केर काढताना माझा झाडू पेटीला लागला तर संध्याकाळी पकडायच्या. "वहिनी, आज बासरी भिंतीत गेलीय." एकदा तर नव्या तबकडीत मागचं डावं-उजवं उलटं भरलेलं निघालं. यांनी जुन्या रेकॉर्डशी ताडून पाहिलं, कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, आणि उत्तर येईपर्यंत दम निघेना म्हणून वायरीच उलट्या लावल्या.

नव्या घरात आम्हा दोघींना मिळून एक खोली आली. दोन भिंतींना दोन पलंग, तिसरीला कपाट. पेट्या म्हणून हॉलमध्ये, आणि हॉलला कोपरे तीन.

घर ठरलं त्या आठवड्यात वन्सं दोनदा एकट्याच बाहेर जाऊन आल्या. ताकास तूर नाही. तिसऱ्यांदा मला म्हणाल्या, "चला, एक खोली दाखवते."

दोन बस बदलून गेलो. नोकरीतून निवृत्त झालेल्या बायकांचं वसतिगृह होतं ते. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. चारी भिंती सारख्या. वन्संनी टाळी वाजवली.

"ऐकलंत?"

मला आपली टाळीच ऐकू आली. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

"एक तारखेपासून मी इथं येते," त्या म्हणाल्या. "शनिवारी फोन करून नक्की सांगायचंय."

"खिडकीतून ऊन येईल."

"पडदा लावीन."

"नळ गळतोय."

"दुरुस्त करतात."

"जिना केवढा आहे!"

"वहिनी, बारा पायऱ्या आहेत."

एवढं सगळं बोलले, पण जाऊ नका हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. त्रेपन्न वर्षं एका छपराखाली काढली, पण एकमेकींकडे काही मागायची सवयच नाही आम्हाला.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. वन्सं एकेक तबकडी कागदात गुंडाळत होत्या आणि खोक्यावर नव्या घराचा पत्ता लिहीत नव्हत्या. मी स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीत, त्यांच्या खोलीतून स्वयंपाकघरात.

"आई, हा डबा तिसऱ्यांदा उघडताय," सून म्हणाली.

"झाकण बसत नाही."

"डब्याचं की तुमचं?" ती हसली, मग माझ्याकडे बघून तिनं डबा घेतला आणि झाकण स्वतःच लावलं.

गुरुवारी तिच्याकडून किल्ली घेतली आणि एकटीच नव्या घरी गेले. लिफ्टमध्ये एकटीला जायची छाती होईना, चार जिने चढले. सुतळीनं आमची खोली मोजली. लांबी-रुंदीत वीतभराचा फरक. म्हणजे इथं चार कोपरे होते की! ते दोन पलंग खाणार होते आणि एक कपाट.

शुक्रवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. आमची खोली मोजून आलेय, लांबी-रुंदीत वीतभराचाच फरक. कपाट हॉलमध्ये. दोन्ही पलंग भिंतींपासून सोडवून खोलीच्या मधोमध जोडून. चारी कोपऱ्यांत पेट्या.

"मधोमध पलंग?" सून म्हणाली. "आई, दवाखान्यातसुद्धा भिंतीला टेकवून ठेवतात."

"दवाखान्यात गाणी लावत नाहीत."

"आणि हॉलमध्ये तुमचं लुगड्यांचं कपाट?" मुलगा म्हणाला. "माझे साहेब घरी आले तर?"

"त्यांना सांग, उघडू नका."

वन्सं खाली मान घालून जेवत होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, दोन पलंग जोडले की नेमका मध्य कुठे येतो ठाऊक आहे? फटीवर. फटीवर कोण बसणार?"

"कुणी नाही. त्या बाजूला तुम्ही, या बाजूला मी."

"म्हणजे मी वीतभर उजवीकडे."

"वीतभरच."

"वीतभरानं सगळं बिघडतं. तुम्हाला नाही कळायचं."

"नाहीच कळत," मी म्हणाले. आवाज चढला माझा. "मला तुमचं पुढचं कळत नाही, मागचं कळत नाही. उद्या शनिवार आहे एवढं कळतं. जाऊ नका."

वन्संनी हात धुतले आणि आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं. आतून त्यांच्या येरझारा ऐकू येत होत्या.

शनिवारी सकाळी चहा घेऊन गेले, तर पेट्या चालू. वन्संनी खुर्ची निळ्या खुणांवरून उचलून वीतभर उजवीकडे ठेवली होती. बसल्या होत्या आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं होतं. उठल्या, पुन्हा बसल्या. मला बघून म्हणाल्या, "ते स्टूल आणा. इथं, डावीकडे. बसा. हलू नका."

बसले.

"तुमच्याकडे काय वाजतंय?"

"गिटारसारखं काहीतरी. मागून. कानाला गुदगुल्या करतंय."

"तरीच. माझ्याकडे ती पार बारीक झालीय." जरा वेळ ऐकत राहिल्या. "आता बाई गायला लागेल. ती माझ्या बाजूला येणार."

"मग उद्या जागा बदलू. गिटार तुम्ही घ्या, बाई माझ्याकडे द्या."

गाणं संपेपर्यंत वन्सं तीनदा चुळबुळल्या, पण उठल्या नाहीत. मग फोन घेतला आणि तो ऑफिसातला जुना, परीटघडीचा आवाज लावला.

"नमस्कार. ती शेवटची खोली दुसऱ्या कुणाला द्या. नाही, नाही, खोली उत्तम आहे. काय आहे, आमच्या वहिनींना एकटीनं राहायची भीती वाटते."



फोन ठेवला त्यांनी, पण बसतायत कसल्या! खोलीत दोन फेऱ्या मारल्या, चहा उभ्यानंच प्यायल्या आणि माझ्यासमोर पंजा पसरून उभ्या राहिल्या.

"खोलीच्या लांबी-रुंदीत वीतभराचा फरक म्हणालात ना? वीत तुमची की माझी? चला, चपला घाला. पुन्हा मोजून येऊ."